चवमास्तरांचं पथ्य

बिस्किटांच्या कारखान्यात दिवसभर बिस्किटं चघळून वर पगार घेणारा एकच माणूस असतो, आणि नेमकं त्यालाच विचारावं तर तो छातीवर हात ठेवून सांगतो, की मी बिस्किटाला शिवत नाही. आपले चवमास्तर हे त्यातले. ते खोटं बोलायचे असं मात्र कुणी समजू नये. मुळात ते बोलायचेच इतकं कमी, की खोट्याला जागाच उरायची नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खाणं वेगळं, चव घेणं वेगळं. खातो तो भुकेसाठी, चव घेतो तो पगारासाठी. पगारासाठी पोटात गेलेलं पोटाच्या नावावर कशाला मांडायचं?

या एका समजुतीपायी मास्तर कसे गोत्यात आले आणि त्यांच्यामुळे अख्खी भट्टी कशी रुसून बसली, त्याची ही हकीकत.

मास्तरांची खोली म्हणजे भट्टीच्या लांबलचक हॉलच्या टोकाला असलेला काचेचा खोका. आत एक पांढरं टेबल, उंच स्टूल, कोमट पाण्याचा जग, वजनकाटा आणि टेबलाखाली झाकणाचं स्टीलचं भांडं. लॉट भट्टीतून बाहेर पडून पट्ट्यावर निवत आला, की त्यातली ताटलीभर बिस्किटं छोट्या खिडकीतून आत सरकायची. मास्तर एक उचलायचे, कानाजवळ नेऊन मोडायचे, मोडलेल्या कडेचा वास घ्यायचे, मग तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. नव्या माणसाला वाटावं, हे गृहस्थ डुलकी काढताहेत. जुन्यांना माहीत होतं, की आता कुणाची तरी शंभरी भरणार किंवा सुटका होणार.

कंपनीचा नियम असा होता, की चावावं, त्या भांड्यात थुंकावं, चूळ भरावी आणि पुढचं उचलावं. शहाण्यासारखा नियम. पण या कारखान्यात त्या नियमाला कधीच वाकडी वाट लागली होती, आणि ती लावली होती भट्टीच्या मुकादमानं. मुकादम हा मास्तरांचा जुना सोबती. दोघं बरोबरच कामाला लागले, बरोबरच टक्कल पडलं. मुकादमाचा आवाज दांडगा, कारण भट्टीच्या पंख्यांच्या घरघरीत हळू बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नाही. काचेच्या आतलं बाहेर ऐकू येण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून मुकादम काचेबाहेर उभा राहायचा आणि मास्तरांच्या कंठमण्यावर नजर लावायचा. कंठमणी वर जाऊन खाली आला, म्हणजे मास्तरांनी गिळलं, म्हणजे लॉट पास. मास्तर खाली भांड्याकडे वाकले, म्हणजे लॉट गेला चुऱ्यात. ना सही, ना शब्द. दोन बाप्यांनी अर्धं आयुष्य असं एकाच्या गळ्याच्या भरवशावर काढलं होतं.

त्यामुळे चांगला माल थुंकायची सोयच राहिली नव्हती. प्रत्येक लॉटमागे अर्धं बिस्किट, मन साशंक असलं तर अख्खं, आणि क्रीमचं असलं तर जरा जास्तच साशंक असावं लागायचं. संध्याकाळपर्यंत एक-दोन पुडे आत जायचे. त्याला मास्तर काम म्हणायचे.

साखरेचं दुखणं त्यांना तसं जुनं. सकाळी उठून गोळी घ्यायची आणि विसरून जायचं, इतकी ओळख झालेली. पण त्या वर्षी कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद बघून चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा काही खरं नसतं, हे पॅकिंगमधल्या बायकांना सुद्धा ठाऊक होतं.

"मास्तर, साखर फार वर गेलीय. अशीच राहिली तर डोळे, पाय, मूत्रपिंडं, सगळी एकेक करून तक्रार करायला लागतील. खाण्यात काय काय असतं?"

मास्तरांनी घरचं सगळं सांगितलं. पाव, भात, बटाटे, दोन चमचे साखरेचा चहा. कारखान्याचं काही सांगितलं नाही. लपवलं नाही बरं का. त्यांना ते सुचलंच नाही. आणि डॉक्टरीणबाई नव्या. त्यांना वाटत होतं, चव घेणारा माणूस नियमाप्रमाणे थुंकतच असणार.

"पिठूळ आणि गोड कमी करा. पुढच्या तपासणीला आकडा खाली दिसला नाही, तर मला लिहून द्यावं लागेल, की तुम्हाला त्या स्टुलावरून उठवून गोदामात काम द्या."

गोदाम. मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. खोकी मोजायची, शिक्के मारायचे. ज्या माणसाच्या गळ्याकडे अख्खा कारखाना श्वास रोखून बघतो, त्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे बघत बसायचं. आणि लोक काय म्हणतील? बिस्किटांच्या मास्तराला साखर लागली. ही गोष्ट हॉलच्या एका टोकाला सुरू झाली, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिच्यावर क्रीमसुद्धा लागलं असतं. तेव्हा त्यांनी ठरवलं, की कारखान्यात कुणालाही काही कळू द्यायचं नाही. मुकादमाला तर नाहीच नाही.

घरी बायकोला सांगितलं. मास्तरीणबाई कपडे शिवायच्या. समोरच्या खोलीत मशीन, दोरीवर लटकलेली अर्धी शिवलेली गिऱ्हाइकं आणि तोंडात टाचण्या. टाचण्या न काढता बोलायची त्यांना सवय होती.

"मी सांगतच होते. दर वर्षी पँटला कापड सोडतेय मी. आता शिवणीत सोडायला उरलंय काय?"

त्यांनी आपल्या धाकट्या भावाला सांगितलं. भाऊ मोटार शिकवायचा. पूर्वी गाडीत बसला, की शिकणाऱ्याला गिअर सापडायचा नाही, इतका त्याचा विस्तार. मग त्यानं पिठूळ खाणं साफ सोडलं आणि वर्षभरात अर्धा झाला. वजनाबरोबर जिभेवरचा ताबाही गेला असावा, कारण तेव्हापासून तो भेटेल त्याला उपदेश करायचा. गल्लीनं त्याचं नाव प्रोटीनराव ठेवलं होतं. तो रविवारी अंड्यांचा ट्रे घेऊन हजर झाला.

"दाजी, एकदम सोपं आहे. पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, साखरेचं तर नाव काढायचं नाही. गोड फळं लांबून बघायची."

"मग राहिलं काय?"

"अंडी, मासे, चिकन, चीज, लोणी, पालेभाज्या, बदाम."

"हे पथ्य नाही, हा जावयाचा बेत झाला," मास्तर म्हणाले. "तुमच्या घरी इतक्या वर्षांत कधी झाला नव्हता तो."

"आता रोज होईल, तर कुरकुर नको," मास्तरीणबाई टाचण्यांआडून म्हणाल्या.

प्रोटीनरावानं मग टेबलावर बोटानं शरीर काढून दाखवलं. शरीराला रोजचं जळण लागतं, ते आधी साखरेचं जाळतं. साखर मिळेनाशी झाली, की नाइलाजानं चरबीच्या कोठीचं कुलूप उघडतं. "पहिले काही दिवस त्रास होणार बघा. साखरेच्या साठ्याबरोबर शरीर पाणी सोडतं, मीठ सोडतं. डोकं धरतं, पाय वळतात, गळून गेल्यासारखं होतं. पाणी प्यायचं, मीठ कमी पडू द्यायचं नाही. आणि तोंडाला एक चमत्कारिक वास येतो. नखांचं पॉलिश पुसायचं पाणी असतं ना, तसा. तो वास आला, की समजायचं, कुलूप उघडलं."

"आणि गोळी?" मास्तरीणबाईंनी मशीन थांबवून विचारलं.

"गोळी आपली चालू ठेवायची. औषध ते औषध."

इथेच प्रोटीनरावाचं अडाणीपण होतं. त्याला मुळात साखरेचं दुखणं नव्हतं, त्यानं जन्मात तसली गोळी घेतली नव्हती. आपल्या अंगाला मानवलं ते जगाला मानवतं, असं बारीक झालेल्या माणसांना फार लवकर वाटायला लागतं. डॉक्टरीणबाईंना विचारून घ्यावं असं मास्तरीणबाईंनी सुचवलं, तर मास्तर म्हणाले, "एकदम आकडाच दाखवू त्यांना. बोलती बंद."

झालं. मास्तर पथ्याला लागले, आणि खरं सांगायचं तर इमानेइतबारे लागले. सकाळी तीन अंडी. दुपारच्या डब्यात कोबी आणि मासा. रात्री पालेभाजी आणि चीज. चहा बिनसाखरेचा, तो पिताना त्यांचं तोंड असं व्हायचं, की मास्तरीणबाई पाठ फिरवून हसायच्या. समोर पाव असला तरी मास्तर हात लावायचे नाहीत. आणि सकाळी आठला काचेच्या खोलीत बसले, की लॉटमागून लॉट गिळायचे.

कॅन्टीनमध्ये कोबीचा डबा उघडला, तसं पॅकिंगच्या बायकांचं कुतूहल चाळवलं. त्यांच्यात प्रत्येकीचा असलाच काही ना काही प्रयोग चालू होता. एकीनं रात्रीचा भात सोडला होता, बाकी दिवसभर तिला कशाचंच वावडं नव्हतं. दुसरी प्रत्येक घासातलं पीठ मोजायची आणि मोजून थकली, की केक खायची. तिसरी आठवडाभर कडकडीत राहायची आणि रविवारी सगळी थकबाकी फेडायची.

"मास्तर, तुम्ही कुठल्या पंथाचे?" रात्रीचा भात सोडलेलीनं विचारलं.

"पोटाला हलकं वाटतं," मास्तर म्हणाले आणि डब्यात बघत बसले.

एवढ्यावर कुणाचं समाधान होतं? संध्याकाळपर्यंत बायकांनी ठरवून टाकलं, की या वयात पुरुष पोट कमी करतो ते कुणासाठी तरीच. कुणासाठी, यावर दोन तट पडले. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "त्याला बायकोशी बोलायला शब्द सापडत नाहीत, दुसरीला कुठून आणेल?"

दोन आठवड्यांनी प्रोटीनराव तपासणीला आला. मास्तरांना खुर्चीत बसवून सगळीकडून न्याहाळलं.

"डोकं दुखलं?"

"नाही."

"पाय वळले?"

"नाही बुवा."

"गळून गेल्यासारखं?"

"उलट तरतरी असते. दुपारी तर फारच."

"कमाल आहे." प्रोटीनरावानं जवळ जाऊन हुंगलं. "ताई, यांच्या तोंडाला वास येतोय बरं का."

"पॉलिशच्या पाण्याचा?"

"छे. व्हॅनिलाचा."

"तो लग्नापासून येतो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तोच वास आवडून हो म्हटलं होतं मी."

कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मास्तरांना उलट जरा अभिमानच वाटला, की आपली कुडी मेहुण्यापेक्षा चिवट आहे. वजन मात्र जिथल्या तिथे होतं. प्रोटीनरावानं काट्यावर संशय घेतला आणि दुसरा काटा आणून दिला.

अशात कारखान्याच्या भट्टीच्या विटा ढिल्या झाल्या. दुरुस्तीसाठी आठवडाभर सगळं बंद. मास्तर घरी. सकाळी गोळी, अंडी, कोबी, पालेभाजी. चव घ्यायला काही नाही. पहिल्या दिवशी डोकं जरा धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरीणबाईंनी त्यांना एका कोटाचा घेर धरून उभं केलं होतं. घरी बसलेल्या नवऱ्याचा एवढा तरी उपयोग. तर कोट हलायला लागला.

"अहो, स्थिर धरा."

"धरलाय."

"मग हलतोय काय, वारा सुटलाय?"

"तुझी मशीन किती कर्कश आहे गं," मास्तर एकदम खेकसले. मशीन बंद होती. इतक्या वर्षांत हा माणूस कधी खेकसला नव्हता. मास्तरीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि वर बघितलं. मास्तरांच्या कपाळावरून घाम निथळत होता, ओठ पांढरे पडले होते.

नेमका त्याच वेळी प्रोटीनराव दारात. बघताक्षणी त्याचा चेहरा उजळला. "आलं. दाजी, आलं बघा. कुलूप उघडतंय. घाबरू नका, मीठ घातलेलं पाणी प्या, सगळं ठीक होईल."

"तू गप्प बस जरा," मास्तरीणबाई म्हणाल्या. कारखान्याच्या आधीच्या डॉक्टरांनी फार पूर्वी, गोळी सुरू करताना, त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली होती. असा घाम, अशी थरथर, असा विनाकारण राग दिसला, तर आधी बोटाचं रक्त तपासायचं. त्यांनी कपाटातलं साखर तपासायचं यंत्र काढलं, बोटाला टोचलं. आकडा साठच्याही खाली.

त्यांनी पाण्यात चांगली तीन चमचे साखर ढवळली आणि पेला मास्तरांच्या ओठांशी नेला.

"साखर? नको," मास्तर तोंड फिरवत म्हणाले. "पथ्य मोडेल माझं."

"पथ्य गेलं चुलीत. प्या."

"आकडा वर जाईल. मग गोदाम."

"हे प्यायला नाहीत तर गोदामापर्यंत चालत कोण जाणार आहे? उघडा तोंड."

मास्तर प्यायले. मास्तरीणबाई त्यांचा हात धरून खाली फरशीवरच बसून राहिल्या. थोड्या वेळानं पुन्हा तपासलं, आकडा वर सरकला होता. मग पावाचा तुकडा खायला दिला. प्रोटीनराव दाराशी उभा होता तसाच उभा होता. त्याचा जीव अर्धा झाला होता, आणि मुळात तो अर्धाच उरला होता. "ताई, मला खरंच वाटलं..." असं दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत बहिणीनं त्याला गाडी काढायला लावली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला.

"तुम्ही पथ्य सुरू केलंत आणि मला कळवलं नाहीत."

मास्तरांनी गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली.

"ही गोळी आंधळी असते, मास्तर. तुम्ही जेवलात की उपाशी आहात हे ती बघत नाही, तिला साखर खाली ढकलायची एवढंच माहीत. ताटातलं पिठूळ काढलंत, तर गोळीही मापानं कमी करावी लागते, आणि ती मी करायची, मेहुण्यानं नाही." प्रोटीनरावानं मान खाली घातली. "पण मला एक कळत नाही. दोन आठवडे हेच जेवताय, हीच गोळी घेताय. मग तेव्हा काही न होता आजच का झालं? काय बदललं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "फक्त कारखाना बंद आहे."

"कारखान्यात काय खाता?"

"काही नाही. कोबी."

"आणखी?"

"खात नाही काही. चव घेतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घेतलेली चव कुठे जाते, मास्तर?"

मास्तरीणबाईंनी हळूच कपाळावर हात मारला. प्रोटीनराव स्वतःशीच पुटपुटला, "व्हॅनिला."

मग मास्तरांना सगळं सांगावं लागलं. काच, मुकादम, कंठमणी. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण न हसण्यासाठी त्यांना खिडकीकडे बघावं लागलं.

"म्हणजे एवढे दिवस ती बिस्किटं तुमची साखर वर ओढत होती आणि गोळी खाली. रस्सीखेच चालली होती. बिस्किटांनी दोरी सोडली, तुम्ही धाडकन पडलात." त्यांनी गोळी बदलून कमी केली आणि मग खुर्ची पुढे ओढली. "आता जेवणाचं बोलू. तुमच्या मेहुण्याची वाट खोटी नाही. पिठूळ जवळजवळ शून्य, काही जणांना ती मानवते, वजन उतरतं, साखरही उतरते. पण ती कडक आहे आणि गोळ्या घेणाऱ्यानं देखरेखीखालीच करायची. दुसरी मधली वाट. अर्धं ताट भाज्या, पाव ताट अंडी-मासे-कडधान्य, आणि भात किंवा पाव मुठीएवढा. आकडा सावकाश उतरतो. तिसरी त्याहून सौम्य, नुसती साखर, मैदा आणि रात्रीचं पिठूळ काढायचं. एकच वाट दोघांना सारखी फळते असं नाही. एकाच घरातल्या दोघांचं शरीर सुद्धा वेगळं उत्तर देतं. तेव्हा मला हे सांगा, पाच वर्षांनी सुद्धा कुरकुर न करता जेवाल असं यातलं काय?"

मास्तरांनी खूप विचार केला. "दुपारी एक पावाचा तुकडा असला, तर मला बाकीचं चालेल."

"मग मधली. आणि स्टुलावर बसायचं असेल तर थुंकायचं. गिळलेलं मला चालणार नाही. हे जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी गोदामाचं लिहून देते."

"जमेल," मास्तर म्हणाले. घरी येताना गाडीत विषय पुन्हा निघाला. मास्तरीणबाई म्हणाल्या, मुकादमाला आधी सांगून टाका. मास्तर म्हणाले, बघू. हे त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मास्तरीणबाई जाणून होत्या. का थुंकायचं, हे सांगायचं तर साखरेचं सांगायला लागणार. आणि ते सांगायची लाज त्या थरथरीपेक्षा भारी होती.

भट्टी सुरू झाली. नव्या विटा, पहिला लॉट. मुकादमानं रात्रीपासून आच लावून, स्वतः समोर उभं राहून भाजून घेतलेला. ताटली आत सरकली. मुकादम काचेबाहेर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे सगळी भट्टीची माणसं. मास्तरांनी बिस्किट मोडलं. कट्ट असा स्वच्छ आवाज. कडेला खरपूस, आत भुसभुशीत, लोण्याचा वास नाकात भरेल असा. इतकं सुरेख बिस्किट त्या भट्टीतून कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटले, चावलं, चव घेतली, आणि खाली वाकून थुंकले.

डोळे उघडले तर काचेबाहेर मुकादमाचा चेहरा राखेसारखा. मास्तर मान हलवून चांगलं, चांगलं अशी खूण करायला लागले, पण मान हलवणं हा कधी त्या दोघांच्या भाषेतला शब्दच नव्हता. मुकादम वळला, हात उंच करून खाली पाडला, आणि पट्ट्यावरचा सगळा माल चुऱ्याच्या पिंपात कोसळायला लागला.

मास्तर स्टुलावरून उतरून दार उघडेपर्यंत अर्धा लॉट गेला होता. ते भट्टीच्या हॉलमध्ये धावले. तिथे त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं. चव घेणाऱ्यानं भट्टीकडे जायचं नाही असा संकेत होता.

"थांबवा ते," मास्तर म्हणाले. पंख्यांत कुणाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी स्वतःच लाल बटण दाबलं. पट्टा थांबला, पंखे थांबले. पॅकिंगच्या बायका दारात जमल्या.

मुकादम त्यांच्याकडे बघतच नव्हता. "नव्या भट्टीचा पहिला माल. तोंडातही ठेववला नाही तुला?"

"माल उत्तम आहे."

"मग थुंकलास का?"

मास्तरांनी एकवार त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघितलं. मग टक्कल पुसत म्हणाले, "मला साखर आहे. खूप आहे. गिळलं तर मला या खोलीतून काढतील. इथून पुढे मी चांगलं असो, वाईट असो, थुंकणार आहे."

कुणी हसलं नाही. रात्रीचा भात सोडलेली बाई हळूच शेजारणीला म्हणाली, "म्हणजे कुणासाठी नव्हतंच." तिच्या आवाजात थोडी निराशा होती.

मुकादम आता कुठे त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "हे तू मला सांगितलं नाहीस."

"लाज वाटली."

"माझी?"

"बिस्किटाचा मास्तर आणि साखर. सगळे हसले असते. तू सगळ्यात मोठ्यानं."

"हसलो असतोच," मुकादम म्हणाला. "मग काय झालं असतं? हसून झाल्यावर थांबलो असतो." तो चुऱ्याच्या पिंपाकडे बघत राहिला. "आता मला कळायचं कसं, माल कसा झालाय ते?"

"विचार," मास्तर म्हणाले. "आत ये आणि विचार. इतक्या वर्षांत एकदा विचारलं नाहीस."

"तू एकदा सांगितलं नाहीस."

कुणीतरी पंखे सुरू केले.

दुसऱ्या दिवसापासून मुकादम प्रत्येक लॉटला काचेच्या खोलीत यायला लागला. पहिले काही दिवस फार अवघड गेले. मुकादम दारात उभा राहून "हं?" म्हणायचा, मास्तर "हं" म्हणायचे, आणि दोघंही इकडेतिकडे बघायचे. मग हळूहळू मास्तरांना तोंड फुटलं. गिळणं बंद झाल्यावर आणि घरचंही गोड सुटल्यावर त्यांची जीभ अशी तेज झाली होती, की साध्या गाजरातही त्यांना साखर लागायची. सुरुवातीला तर सगळीच बिस्किटं गोडमिट्ट वाटायची, म्हणून ते निकाल द्यायच्या आधी पिठात घातलेल्या साखरेचं माप विचारून घ्यायचे. त्यांनी मुकादमाला सांगितलं, की डावीकडची रांग उजवीपेक्षा जास्त भाजतेय. मुकादमानं जाळी तपासली तर तसंच होतं. त्यांनी सांगितलं, की लोणी परवापेक्षा आज जुनं आहे. मुकादम म्हणाला, ते खरेदीवाल्याचं काम, आणि तिकडे जाऊन मोठ्यानं भांडला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि चष्मा डोळ्यांवरच ठेवला. आकडा अगदी हवा तिथे नव्हता, पण पुष्कळ खाली आला होता. "हे टिकवायचं आहे," त्या म्हणाल्या, "बरं झालं म्हणून विसरायचं नाही. गोळी राहील, मी बघत राहीन." स्टुलासाठीच्या कागदावर त्यांनी सही केली. मास्तरीणबाईंनी पँटच्या कमरेला पहिल्यांदाच आत घेणारी शिवण घातली आणि ती करताना तोंडात एकही टाचणी नव्हती, म्हणजे त्यांना मोकळेपणानं बोलायचं होतं, बोलल्याही बरंच. प्रोटीनराव आता उपदेशाच्या आधी विचारतो, "तुम्ही गोळ्या घेता का?" आणि घेत असेल तर पहिल्यांदा डॉक्टरकडे पाठवतो.

सही झाली त्या दुपारी मुकादम आत आला. मास्तरांनी बिस्किट मोडलं, चावलं, वाकून थुंकलं, चूळ भरली, आणि मग कड, रंग, कुरकुरीतपणा, मधली ओल असं एकेक करून सांगत सुटले. मुकादम एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"अरे, पुढचा लॉट जळेल माझा तिकडे. एका शब्दात सांग ना."

"चांगला आहे."

मुकादम दारापर्यंत गेला, थांबला आणि मागे वळला.

"परत म्हण," तो म्हणाला. "पंख्यात ऐकू आलं नाही."